वाफेवरचे पोहे : इंदूरमधले चार दिवस

दिवस पहिला

बोरिवलीला अवंतिका एक्स्प्रेसमध्ये बसलो तेव्हाच आईनं सांगून टाकलं होतं की मला रतलामला उठवायचं नाही, पण मी मात्र पहाटेच्या अंधारात रतलाम आल्यावर उतरलेच, कारण लहानपणी मावशीकडे जाताना बाबा तिथे उतरायचे आणि हातात शेवेची पुडी घेऊन चालत्या गाडीत चढायचे, ते चित्र डोक्यात पक्कं बसलंय. थंडी जाम होती. प्लॅटफॉर्मवर एकच माणूस शेव घेऊन उभा, पाव किलो घेतली आणि दात न घासताच एक चिमूट तोंडात टाकली. रतलामी शेवेचं काय आहे, आधी नुसतं बेसन लागतं, मग मिरी, आणि गिळून झाल्यावर घशात कुठेतरी लवंग उरते. ती शेवटची लवंग म्हणजेच रतलाम. तिला आता जीआय मानांकन मिळालेलं आहे. मूळ गोष्ट भिल्लांपर्यंत जाते असं सांगतात, की या भागात आलेल्या मुघल पाहुण्यांना शेवया हव्या होत्या, गहू नव्हता म्हणून भिल्लांकडून बेसनाच्या करून घेतल्या, तीच पुढे भिलडी शेव. खरंखोटं कसं ठरवणार, पण मालव्यात कुठलाही पदार्थ शेव भुरभुरल्याशिवाय पुरा होत नाही एवढं मात्र चार दिवसांत नक्की कळलं.

इंदूरला उतरून रिक्षानं रामबागेत मावशीकडे. मावशी म्हणजे आईची मोठी बहीण, लग्न होऊन इथे आली त्याला पन्नास वर्षं होतील. काका इथलेच, त्यांच्या पणजोबांपासून इंदूरकर, कापड गिरणीच्या हिशेबखात्यात नोकरी करून रिटायर झालेले. दारातच मावशीनं आईला मिठी मारली आणि पाचव्या मिनिटाला स्वयंपाकघरातून कांद्याच्या फोडणीचा वास. मी म्हटलं अगं मावशी, मी खास इंदुरी पोहे खायला आलेय ना, तर म्हणाली, "आमचे पोहे बाहेर जाऊन खा गं, सकाळी सकाळी तुझ्या आईला मी आपलेच देणार."

आमचे आणि आपले. हे दोन शब्द मला चार दिवस पुरले. कांदा परतून केलेले, वर ओलं खोबरं घातलेले ते "आपले", म्हणजे दोघी बहिणींचे, माहेरचे. आणि चौकातल्या गाडीवरचे ते "आमचे", त्यात आई नाही, मी नाही, त्यात मावशी आणि तिचं इंदूर. तिच्या लक्षातही आलं नसेल ती काय बोलून गेली.

दुपारी दोघी बहिणी बोलत बसल्या, मी झोपले. संध्याकाळी काका आम्हाला राजवाड्यापर्यंत चालत घेऊन गेले, वाटेत कृष्णपुऱ्याच्या छत्र्या, म्हणजे होळकरांच्या समाध्या, दिवे लागलेले, छान दिसत होत्या. राजवाडा सात मजली, खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडी, काम मल्हारराव होळकरांनी 1747 मध्ये सुरू केलं. लाकूड असल्यामुळे हा वाडा किती वेळा जळला, शेवटचा 1984 च्या दंगलीत, ती आग काकांनी स्वतः पाहिलेली आहे. त्याबद्दल ते फार बोलत नाहीत.

मला विचारायचं होतं ते हेच, की पोहे होळकरांनी आणले ना? सगळीकडे तेच वाचलेलं, मराठी फौजा आल्या, पोहे आले. काका म्हणाले, उद्या सकाळी सहाला उठ, मग सांगतो.

दिवस दुसरा

सहाला नाही, सव्वासहाला निघालो. राजवाड्याच्या मागच्या बाजूला एका गाडीपाशी आधीच पंधरावीस माणसं, दूधवाले, शाळेत निघालेली पोरं, एक आजोबा कानटोपी घालून. मी मुद्दाम गाडीच्या बाजूला अशा जागी उभी राहिले की भांडं दिसेल, कारण सगळी गंमत त्या भांड्यातच आहे.

खाली मोठं पातेलं, त्यात पाणी खळखळ उकळतंय. वर त्याच्यावरच बसवलेली रुंद परात, तिच्यात पिवळ्या पोह्यांचा डोंगर. पोहे आगीवर नाहीतच, वाफेवर आहेत. फोडणी घरूनच देऊन आणलेली, मोहरी, बडीशेप, मिरची, हळद, थोडी साखर. गाडीवाला डोंगराच्या एका बाजूनं उलथन्यानं कापल्यासारखे पोहे काढतो, डिशमध्ये टाकतो, आणि मग हात असा फिरतो की डोळे पुरत नाहीत, शेव, बुंदी, कोथिंबीर, लिंबू पिळलं, जीरावण मसाला भुरभुरला, कच्चा कांदा. "कांदा डालूँ भिया?" हे प्रत्येकाला विचारतो. घास घेतला तर पोहे इतके मऊ की चावायला काही नाही, आणि वरची शेव कुरकुरीत, मध्येच बडीशेपेचा गोड दाणा. सोबत जिलबी. जिलबीचा तुकडा तोडून पोह्यांसोबतच खायचा, नंतर गोड म्हणून नाही. आईला हे पहिल्यांदा पटलं नाही, दुसऱ्या घासाला पटलं.

मग तिथेच फुटपाथवर उभं राहून काकांनी जे सांगितलं ते मला कुठल्याही रेसिपीत सापडलं नव्हतं. ते म्हणाले, घरचे पोहे चार माणसांचे असतात, केले की लगेच खायचे, अर्ध्या तासात ते कोरडे पडतात, घशात अडकतात. गाडीवर पहाटे पाचपासून दहा-अकरापर्यंत पोहे विकायचे तर ते मऊ आणि गरम राहायला हवेत, परत परत आगीवर ठेवले तर करपणार. म्हणून वाफ. परतलेला कांदा पाच तास वाफेवर राहिला तर वास मारायला लागतो, शिवाय इथला निम्मा बाजार जैन आणि वैष्णव, कांदा न खाणारा. म्हणून कांदा पोह्यांतून निघाला आणि वर आला, ज्याला हवा त्यानं मागावा. खोबरंही त्याच्यामुळेच गेलं असणार, ते ओलं, लवकर उतरतं. त्याच्या जागी शेव आली कारण शेव इथे मुबलक. म्हणजे बघा, एकेक बदल धंद्याच्या गरजेतून झालेला आहे, कुणा राजाच्या आवडीतून नाही.

आणि होळकर? काका म्हणाले, होळकरांबरोबर माणसं आली हे खरं, 1817 च्या डिसेंबरात इंग्रजांशी महिदपूरची लढाई हरल्यावर पुढच्याच महिन्यात मंदसौरचा तह झाला आणि 1818 मध्ये राजधानी इंदूरला आली, त्याच्याआधी अहिल्याबाईंचा कारभार महेश्वरातून चालायचा. राजधानी आली म्हणजे कारकून आले, शिक्षक, वैद्य, भिक्षुक आले, दक्षिणेतून कुटुंबंच्या कुटुंबं आली आणि त्यांच्या बायकांच्या डब्यांतून पोहे आले. पण ते घरातच राहिले. घरातच, शंभर-सव्वाशे वर्षं. रस्त्यावर विकायला लागले ते स्वातंत्र्याच्या सुमाराला, आणि त्याचं श्रेय इथे प्रशांत उपहारगृहाच्या पुरुषोत्तम जोशींना दिलं जातं, ते रायगड जिल्ह्यातून इंदूरला आलेले.

मला हे जास्त आवडलं खरं सांगायचं तर. फौजेबरोबर पोहे आले हे ऐकायला भारी वाटतं, पण फौजेनं आणलेला पदार्थ फौजेबरोबर जातोही. बायकांनी घरात शंभर वर्षं केलेला पदार्थ कुठे जात नाही.

तिथून पुढे उसळ पोहे खाल्ले, म्हणजे याच पोह्यांवर झणझणीत उसळीची तर्री, वर शेव. एक डिश दोघींत, तरी नाक वाहायला लागलं. यात मात्र मिसळीचं नातं लपत नाही, कोल्हापूर-पुण्याचा माणूस डोळे मिटून ओळखेल.

दुपारी लालबाग पॅलेस बघितला. 1886 मध्ये काम सुरू होऊन 1921 पर्यंत चाललं, तीन राजांच्या कारकिर्दी त्यात गेल्या. फाटक बकिंगहॅम पॅलेसच्या फाटकाच्या धर्तीवर विलायतेत ओतून आणलेलं, आत संगमरवर, झुंबरं, छतावर चित्रं. सगळे त्या झुंबरांचे फोटो काढत होते, मला मात्र वेगळ्याच गोष्टीची उत्सुकता होती. या राजवाड्याचं स्वयंपाकघर राजवाड्यात नाहीच, ते खान नदीच्या पलीकडच्या काठावर होतं, आणि तिथून इकडे जेवण यायचं ते नदीखालच्या भुयारातून. का, तर धूर, वास, आवाज काही इकडे येऊ नये. आम्हाला काही तिथे खाली उतरता आलं नाही पण मी जेवणघरात उभी राहून बराच वेळ त्याचाच विचार करत होते. गरम आमटीचं भांडं घेऊन भुयारातून रोज चालणारा कुणीतरी माणूस, हिवाळ्यात, पावसाळ्यात डोक्यावर नदी वाहतेय आणि हा निघालाय. सकाळच्या गाडीवर परात आणि खाणारा यांच्यात दोन हातांचं अंतर होतं, वाफ थेट तोंडावर येत होती. म्हणूनच कदाचित लालबागेच्या भुयारातून आलेला एकही पदार्थ आज इंदूरच्या रस्त्यावर दिसत नाही.

आई दमली होती, रात्री घरी मऊ भात-मेतकूट. मावशीनं मेतकूट नाशिकहून कुणाकडून तरी मागवलेलं असतं, पन्नास वर्षं.

दिवस तिसरा

सकाळी काही खायचं नाही असा काकांचा हुकूम, कारण दुपारी बाफले. त्यांच्या गिरणीतल्या एका मित्राकडे जेवायला बोलावलं होतं, मालवी घर, अंगणात शेण्या पेटवलेल्या. बाफला आणि राजस्थानी बाटी यात फरक काय हे मला तिथे पहिल्यांदा डोळ्यांनी दिसलं. बाटी कच्ची थेट निखाऱ्यावर जाते. बाफल्याचा गोळा, गव्हाचं जाडसर पीठ, थोडं मक्याचं, ओवा, हळद, आधी उकळत्या पाण्यात सोडतात, तरंगून वर आला की काढून निथळतात, आणि मग शेण्यांच्या आरावर भाजतात. नावातच आहे ते, बाफणं म्हणजे वाफवणं-उकडणं. पुन्हा वाफ! काकांकडे बघितलं तर ते हसत होते. भाजून झाल्यावर फोडून तुपाच्या भांड्यात बुडवतात, बुडवतात म्हणजे खरंच बुडवतात, तूप प्यायला देतात त्याला. वर तुरीची आंबटगोड डाळ, लसणाची चटणी, कढी, आणि शेवटी त्याच बाफल्याचा चुरा करून साखर-वेलदोडा घालून लाडू. त्या घरच्या काकू आग्रह करताना म्हणाल्या, "मालव माटी गहन गंभीर, डग डग रोटी पग पग नीर," आणि ताटात अजून एक टाकला. दीड खाल्ला मी. काळ्या मातीचा गहू असा लागतो हे मुंबईत बसून कळत नाही.

झोप काढली, दुसरं काही शक्यच नव्हतं.

संध्याकाळी छप्पन दुकान. नावाप्रमाणे छप्पन दुकानांची ओळ, न्यू पलासियात, आता तिथे गाड्यांना बंदी आहे, बसायला बाकं, चकाचक, 2019 मध्ये केंद्राच्या खाद्यसुरक्षा प्राधिकरणाकडून स्वच्छ स्ट्रीट फूड हब म्हणून मान्यता मिळालेली. विजय चाट हाऊसचं खोपरा पॅटिस घेतलं, बाहेर बटाट्याचं आवरण आणि आत ओलं खोबरं, काजू-बेदाणे. खोबरं पोह्यांतून गेलं ते इथे येऊन बसलं म्हणा! शिकंजी प्यायले, इथली शिकंजी म्हणजे लिंबूपाणी नाही बरं का, ती दुधाची, दाट, केशर-सुकामेवा घातलेली, ताकाचा किंचित आंबटपणा असलेली, चमच्यानं खाल्ली तरी चालेल. छान आहे छप्पन, पण मला तिथे फार थांबावंसं वाटलं नाही. सगळं आखीव आहे. मन सराफ्याकडे होतं.

साडेनऊला सराफ्यात पोचलो आणि लवकरच पोचलो, अजून सोन्याच्या दुकानांची शटरं खाली येत होती. हे बघायलाच लवकर जावं खरं तर. सराफ शटर ओढतोय, कुलूप लावून ओढून बघतोय, नमस्कार करतोय, आणि त्याची पाठ वळायच्या आत त्याच्याच ओट्यावर एक पोरगा पाटा ठेवतो, दुसरा शेगडी आणतो, तिसरा कढई. अर्ध्या तासात दागिन्यांचा बाजार जाऊन खाण्याचा बाजार उभा. असं म्हणतात की सराफांनाही हे सोयीचं होतं, रात्री दोनपर्यंत गल्लीत माणसं आणि उजेड म्हणजे फुकटची राखण. मालव्यातल्या अफू आणि कापसाच्या व्यापारानं मारवाडी सावकार, जैन पेढ्या इथे आल्या, इथून जवळच इतवारियात सर हुकुमचंदांचं काचमंदिर आहे, ज्यांच्या गिरण्यांत हजारो मजूर राबले. काका म्हणाले सेकंड शिफ्ट सुटली की आम्ही पण सरळ इकडे यायचो, पगार झाला असेल तर रबडी, नसेल तर कचोरी.

आता खाण्याचं. जोशींच्या दहीवड्यापाशी गर्दी असते ती निम्मी बघणाऱ्यांची. दही घातलेला द्रोण वर हवेत उडतो, थेंब न सांडता हातात परत येतो, पण माझं लक्ष मसाल्यावर होतं. मीठ, मिरपूड, जिरं, तिखट असे सगळे मसाले एकाच चिमटीत उचलायचे आणि एकेक करून वेगवेगळे सोडायचे, बोटं जेमतेम हलतात. मी अगदी पुढे जाऊन बघितलं, आधी पांढरं पडलं, मग काळं, मग लाल. हे हातात बसायला किती वर्षं लागत असतील.

हिवाळा असल्यामुळे गराडू मिळाला, आणि गराडूसाठी म्हणून मी जानेवारी निवडला होता. हा एक कंद, सुरणाच्या भाऊबंदातला वाटतो पण चव वेगळी, फोडी एकदा तळून ठेवलेल्या आणि मागितल्यावर पुन्हा कडक तळलेल्या, वर लिंबू आणि गराडूचा म्हणून वेगळा मसाला. बाहेरून कुरुम आणि आत पिठूळ गोडसर. दोन प्लेट खाल्ल्या. भुट्टे का कीस, म्हणजे मक्याची कोवळी कणसं किसून तुपात हिंग-मोहरी-मिरचीवर परतायची आणि दूध घालून आटवायची, हे मावशी घरीही करते आणि मावशीचा जास्त चांगला असतो असं माझं मत आहे. थाळीएवढा जलेबा बघितला, खाल्ला नाही. मधल्या पट्ट्यात मोमो आणि चायनीजच्या गाड्याही भरपूर आल्यात, काकांना ते अजिबात आवडत नाही, ते तिथून मान खाली घालून भरभर चालतात.

पण ज्यासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं ती गोष्ट अकराच्या सुमाराला घडली. साबुदाण्याच्या खिचडीच्या गाडीपाशी आई थबकली. आईची खिचडी म्हणजे आमच्या घरी शेवटचा शब्द, तुपात जिरं-मिरची, दाण्याचं कूट, एकेक दाणा सुटा. इथे काय होतं, तर मोठ्या भांड्यात पांढरेशुभ्र मोत्यासारखे दाणे, नुसते वाफवलेले, थेंबभर तेल-तूप नाही. मागितलं की वाडग्यात काढायचे, त्यात मीठ, तिखट, मसाला, दाणे, बारीक चिरलेली मिरची, कोथिंबीर, लिंबू, भरपूर फराळी चिवडा, आणि चमच्यानं खळखळ कालवून हातात. आई बघत राहिली. मग म्हणाली, "अगं, ही तर भेळ आहे." खाल्ली. अर्धी झाल्यावर गाडीवाल्याला विचारायला लागली, तिच्या हिंदीत, किती वेळ भिजवता, पाणी किती ठेवता, चाळणीत वाफवता की फडक्यात. तो पण कौतुकानं सांगत होता, बोटाच्या पेरानं पाणी दाखवत होता. काका बाजूला उभं राहून मला म्हणाले, "बघ, पोह्यांचं जे झालं तेच खिचडीचं. उपासाच्या दिवशी आमच्या घरात व्हायची, ती रस्त्यावर आली, वाफेवर चढली आणि आता रोजची झाली. आमच्याच बायकांनी शिकवलं आणि आता आमच्याच बायका इथे येऊन शिकताहेत."

घरी परतलो तेव्हा एक वाजला होता. मावशी जागी होती, पहिला प्रश्न, गराडू मिळाला का.

दिवस चौथा

थंडी वाढली. सकाळी मावशीनं जीरावण करायला घेतलं, विकतचं नेऊ देणार नाही म्हणाली. जिरं, धणे, बडीशेप, लवंग, दालचिनी, सुकी लाल मिरची वेगवेगळं भाजायचं, गार झाल्यावर दळायचं, मग त्यात आमचूर, काळं मीठ, सुंठ, हिंग, हळद. आमचूर आणि मीठ भाजायचं नाही, शेवटी. मी खलबत्त्याशी बसले, आई निवडायला. दोघी बहिणींच्या गप्पांत संक्रांतीच्या गुळाचा भाव, कुणाचं लग्न, आणि मध्येच मावशी म्हणाली की पहिल्या वर्षी मला इथलं काहीच आवडायचं नाही, सासूबाईंनी पोह्यांवर शेव टाकली की मी गुपचूप वेचून काढायचे. आई इतकी हसली की मिरची नाकात गेली.

संध्याकाळी अवंतिका. डब्यात ठेपले नाहीत, पुऱ्या आणि बटाट्याची सुकी भाजी, आणि जीरावणाची बरणी आईच्या मांडीवर, सांडेल म्हणून.

आता मुंबईत येऊन आठवडा झाला. काल रविवारी आईनं मोठ्या पातेल्यात पाणी ठेवलं, वर चाळणी, चाळणीत पोहे. कांदा बारीक चिरून वेगळ्या वाटीत. बाबा पेपर बाजूला ठेवून बघत होते, म्हणाले, आज हे कुठले पोहे? आई शेव भुरभुरत म्हणाली, "आपलेच."